पाडव्याले कोणी विचारलं नाई

आमच्या कारंज्यात कोकिळेबद्दल लोक काय काय बोलून राह्यले, ते सगळं माह्या कानावर येते. कोणी म्हणते नमकहराम निघाली. कोणी म्हणते, पन्नाशी उलटल्यावर बुढीले शिंगं फुटले. ज्याईनं जन्मभर तिच्या हातचा रस्सा ओरपला, तेच आता पानटपरीवर उभं राहून तिच्या नावानं बोटं मोडतेत. लाज वाटाले पाह्यजे रे तुमाले! काय झालं ते मालूम नाई अन् निघाले न्याय कराले.

मी सुमित्रा, टेलरीन. अण्णाजीच्या हॉटेलाच्या बाजूच्या गल्लीत माही मशीन हाय, अन् मशीनवर बसलं का त्याईच्या भटारखान्याचं मागचं दार नाकासमोर दिसते. कोकिळा त्या दारातून सकाळी आत जायची, ते अंधार पडल्यावरच बाहेर निघायची. मधात कधी हात धुवाले, कधी कांद्याचे डोळे पुसाले दारात आली, तेवढंच तिचं ऊन. माह्या घराले लागून तिचं घर. म्हणून माह्यापेक्षा जास्त कोणाले माहीत असन तं त्यानं समोर यावं.

तिचा नवरा अण्णाजीच्या वावरात सालदार होता. आमच्याकडं सालदाराचं साल पाडव्याले सुरू होते अन् पाडव्यालेच सरते. त्या दिवशी मालक त्याले घरी जेवाले बोलावते, नवे कपडे देते अन् विचारते, "काय गा, यंदा राह्यतं का?" मालकानं विचारलं का मंग सालदारानं आपलं मागणं सांगायचं. मालकाले पटलं तं हो म्हणते, नाई पटलं तं घासाघीस होते. पण विचारायच्या आधी सालदारानं तोंड उघडायचं नाई. जो आपण होऊन मागाले गेला तो हलका पडला. अन् दिवस मावळेपर्यंत मालकानं विचारलंच नाई, तं समजून घ्यायचं का आपलं इथलं दाणापाणी उठलं. मंग सालदार कुठीही जाऊ शकते, कोणी त्याले नाव ठेवत नाई.

नवरा तापानं गेला तवा पोरगी अपेक्षा कडेवर होती. अण्णाजीनं तेव्हा नुकताच हायवेवर टिनाच्या छपराखाली ढाबा टाकला होता. त्यानं कोकिळेले तेथी भाकरी थापाले बसवलं. बाईमाणसाचं साल कोणी ठरवत नसते, पण अण्णाजीची बायको गिरजाबाई मोठी रितीची. पाडवा आला का ती कोकिळेले पाटावर बसवायची, लुगडं द्यायची, ओटी भरायची अन् विचारायची, "कोकिळे, यंदा राह्यतं नं व?" एका वर्षी कोकिळेनं मागितलं, पोरीची शाळा सुटली का मले घटकाभर घरी जाऊ द्या. दिलं. एका वर्षी घरावर नवे टिन मागितले. त्या वर्षी गिरजाबाईनं चांगलंच झापलं, म्हणे आम्ही काय टिनाचा कारखाना काढला का! पण आषाढाच्या आत टिन आले. अपेक्षाच्या लग्नाच्या साली महिनाभराची सुटी मागितली, तेही झालं. गिरजाबाई काही देवी नव्हती, चिंगूस होती चांगली. पण विचारत होती बिचारी.

मंग अण्णाजी गेले, त्याच्या मागोमाग गिरजाबाई गेली, अन् हॉटेल पोराच्या हातात आलं. भूपेंद्र त्याचं नाव. राक्षस नाई तो, खोटं काऊन बोलू? रस्त्यात दिसला तं गाडी थांबवून "काकू, कशा हा" म्हणून विचारते. त्यानं टिनाचा ढाबा पाडला, एसीचा हॉल केला, वरतं लॉजिंग केलं, दारात झुंबर लावलं. अन् भटारखान्यात बाहेरून उस्ताद आणले. पांढरे कोट घालणारे.

ते कोट मीच शिवत होती. तिथूनच माह्या डोक्यात तिडीक गेली. एक उस्ताद यायचा, मी माप घ्यायची, खिशावर दोऱ्यानं त्याचं नाव काढायची. चार दिवस नाई होत तं तो पळाला. एक जाम गावच्या ढाब्यावर गेला, तेथी जास्त भेटते म्हणून. एक सणाले आपल्या गावी गेला तं फोनच उचलेना. एक तं कोट अंगात घालूनच पळाला, माहा नवा कोरा कोट! दुसरा आला का मी जुन्या कोटावरचं नाव उसवायची अन् तेथी दुसऱ्याचं नाव काढायची. उसवून उसवून कापडाची चाळण झाली.

भूपेंद्र माह्या दुकानात येऊन डोकं धरून बसायचा. "काकू, माणसं टिकतच नाई हो. बाहेरच्या माणसाले धरून ठेवा लागते." अन् धरून ठेवाले त्यानं काय नाई केलं! उस्तादाले वरतं कूलरची खोली. आठवड्याची पगारी सुटी. वाढदिवसाले केक. एकानं मागितलं तं त्याच्या खोलीत टीव्हीसुद्धा लावला. मी एक दिवस म्हणलंच, "अन् कोकिळेले काय?"

तो हासला. म्हणे, "मावशीचं काय? मावशी तं घरच्याच हायेत. त्या कुठी जातेत?"

घर की मुर्गी दाल बराबर म्हणतेत ते हेच. उस्ताद पळाला का दोघाचं काम कोकिळा करायची. नवा आला का इथल्या लोकाईच्या तोंडाले काय लागते ते त्याले दाखवायची, पाटवडी कशी, रस्सा कसा. अन् तो चार दिवसांनी पाय पसरून तिलेच म्हणायचा, "ए मौसी, प्याज काट." दुपारी उस्ताद कूलरमध्ये झोपायचे अन् ही कोठीत आलूच्या पोत्याले टेकून डोळा लावायची. सुटीचं तं नावच काढू नका. सण म्हणलं का हॉटेलात जास्त गर्दी, अन् बाहेरचे सगळे सणाले घरी. मंग घरचीनंच करायचं.

हेही तिनं गिळलं असतं. पण अपेक्षाले पोरगी झाली. अपेक्षा आष्टीले दिली हाय, इथून यष्टीनं काही लांब नाई. कोकिळा बारशाले गेली ते गेली, मंग जाणंच नाई झालं. दिवाळीले अपेक्षा पोरीले घेऊन आली. कोकिळा कामावरून घरी आली, पोरीले घ्याले हात पुढं केले, तं पोरगी आईच्या पदरात तोंड खुपसून किंचाळाले लागली. दोन दिवस होती, दोन्ही दिवस तसंच. ओळखच नाई तं काय करीन लेकरू? अपेक्षा गेली तवा कोकिळा माह्या मशीनपाशी येऊन बसली अन् ढसाढसा रडली. म्हणे, "सुमित्राबाई, रोज हजार लोकाईले जेवू घातलं अन् माह्या नातीले मी भूत वाटली का व?"

मले लय वाईट वाटलं. मी म्हणलं, "आठवड्याची एक सुटी माग. उस्तादाईले देते, तुले काऊन नाई देणार?"

"पाडवा येऊ दे. विचारतीन तवा मागीन."

"अव, गिरजाबाई गेल्यावर दोन पाडवे गेले. विचारलं का त्यानं?"

"लेकरू हाय ते. पहिलं साल दुखवट्याचं होतं, दुसऱ्या साली बांधकाम होतं. यंदा विचारीन."

"तू आपल्या तोंडानं सांग ना व बाई! बोलणाऱ्याची माती खपते अन् न बोलणाऱ्याचं सोनं पडून राह्यते."

तं ती अशी ताठ झाली, का जसं मी तिले भीक मागाले सांगितलं. "मी सालाची माणूस हाय, सुमित्राबाई. माह्या नवऱ्यानं कधी आपण होऊन मागितलं नाई. मालकानं विचारावं अन् मंग आपण सांगावं. दारात जाऊन हात पसरले तं मंग माह्यात अन् भिकाऱ्यात फरक काय राह्यला?"

काय बोलावं आता अशा माणसाले? मी कपाळावर हात मारून घेतला. तिकडं तो भूपेंद्र समजते, बोलत नाई म्हणजे खूश हाय. इकडं ही समजते, रीत त्याले मालूम असनच. दोघंही आपापल्या जागी बराबर, अन् मधात ते लेकरू आजीले पाहून रडते.

अन् पाडवा आला. सकाळी मी गुढी उभारून राह्यलती, तं कोकिळेच्या अंगणात एक म्हातारा येऊन उभा. पांढरं धोतर, पांढरी टोपी. बबनराव म्हणून तळेगावजवळचे, वावरवाले, हायवेवर त्याईचंही हॉटेल हाय. येता-जाता अण्णाजीच्या हॉटेलात जेवलेले, अन् रस्सा कोणाच्या हातचा ते त्याईनं वेटराले विचारून ठेवलं होतं. खाटेवर बसले, पाणी प्यायले अन् सरळ म्हणे, "बाई, साल मोकळं हाय का तुमचं?"

किती दिवसानं कोणी हे वाक्य बोललं!

कोकिळेनं डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणे, "आत्ता नाई सांगू शकत. दिवस मावळेपर्यंत त्याईची हावो मी."

"बराबर हाय. मी थांबतो गावात. पण मागणं तं सांगून ठेवा."

"आठवड्याची एक सुटी. आष्टीले नात हाय माही."

"दिली. राहाले खोलीही देईन."

म्हातारा खरंच थांबला. दिवसभर देवळाच्या ओट्यावर बसून होता.

कोकिळा गिरजाबाईनं दिलेलं शेवटचं लुगडं नेसून कामावर गेली. त्या दिवशी उस्ताद सुटीवर. हॉल भरलेला, पुरणपोळीचं ताट होतं खास. दुपारून मी एका वेटराचा शर्ट द्याले गेली अन् मुद्दाम थांबली. पुरणाच्या वाफेत तिचं तोंड लाल झालं होतं. तेवढ्यात भूपेंद्र आत आला. कोकिळेनं हात पुसले, पदर सावरला अन् सरळ उभी राह्यली. मले वाटलं, आता विचारते.

तो म्हणे, "मावशी, पुरण कमी नाई पडलं पाह्यजे हां. बाहेर वेटिंग हाय."

तो वळला. अन् मंग जे तिनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. मागून हाक मारली. "भूपेंद्रबाबू, आज पाडवा हाय."

तो थांबला, वाजणारा मोबाइल खिशातून काढला अन् त्यातच पाहत गोड हासला. "अरे हो! हॅपी पाडवा, मावशी."

अन् गेला.

मी तिच्याकडं पाह्यलं नाई. पाहवलंच नाई मले.

दिवस मावळला. तिनं शेवटची पोळी उतरवली, गॅस बंद केला, ओटा पुसला, तवा घासून उलटा ठेवला. शेगडीपुढं वाकून नमस्कार केला अन् मागच्या दारातून बाहेर आली. माह्यापाशी येऊन म्हणे, "सुमित्राबाई, मोकळी झाली मी." अन् नवरा मेला तवा रडली नसन अशी रडली. देवळाच्या ओट्यावरून बबनराव उठून आले तवाही ती रडतच होती. तो भला माणूस फक्त म्हणे, "सकाळी गाडी पाठवतो."

दुसऱ्या दिवशी भूपेंद्र तिच्या दारात. चेहरा उतरला होता पोराचा. "मावशी, तुम्हीच असं केलं तं कसं व्हाचं? मी तुमाले आईसारखं समजलं!" मंग सुरू झाला. वरची खोली घ्या, कूलर घ्या, आठवड्यातून दोन सुट्या घ्या. माह्याकडं वळून म्हणे, "काकू, आत्ताच्या आत्ता मावशीचं माप घ्या. कोट शिवा त्याईले."

माह्या तोंडचा लगाम सुटला. म्हणलं, "लेका, ती इथं होती तवा तुही टेप कुठी होती रे? पळणाऱ्याईचे कोट शिवून शिवून माहे बोटं झिजले, अन् राहणारीचं माप तुले आज आठवलं?"

"पण मावशीनं सांगायचं तं होतं!"

कोकिळा म्हणे, "बाबू, तुम्ही विचारायचं होतं. आता शब्द देऊन बसली मी." तेवढंच. तिनं त्याले शिव्या दिल्या नाई, उलट त्याच्या हातावर साखर ठेवली. त्याले शेवटपर्यंत समजलं नाई का त्याचं काय चुकलं. अजूनही नाई समजलं. नवा उस्ताद आणला त्यानं, त्याले म्हणे गाडी देऊन राह्यला.

आता इथंच गोष्ट सरली असती तं मी पेढे वाटले असते. सगळ्याईले हेच सांगत होती मी, पाहा, अशी असते इज्जत. पण पोळ्याच्या आधी मी आष्टीच्या बाजाराले निघाली. म्हणलं, कोकिळेची सुटीच असते त्या दिवशी, तळेगावाले उतरून तिले संग घेऊ.

गेली तं पाहतच राह्यली. निघायच्या आधी रस्स्याले फोडणी देऊन राह्यलती, अंगावर पांढरा कोट, त्यावर नाव काढलेलं. वरतं खोली, खिडकीत कूलर. तोंडावर तजेला आला होता बाईच्या. म्हणे, "नात आता मले पाहून पळत येते व! केस ओढते, पाठीवर बसते." मले इतका आनंद झाला का मी तिच्या पाठीवर धपाटाच मारला.

चहा घेऊन एक पोरगी आली. मोहिनी तिचं नाव, बबनरावाच्या पुतण्याची बायको, नवऱ्यानं टाकलेली. हॉटेल उघडलं तवापासून भाकरी तीच थापते. हाताले भेगा, डोळे झोपेनं जड. मी सहज विचारलं, "तुही सुटी कधी असते व?"

ती हासली. "माही कायची सुटी, काकू? कोकिळाकाकू जातेत त्या दिवशी तं दोघीईचं करा लागते."

"मंग मागत काऊन नाई?"

"मागणार होती. पाडव्याले विचारतीन असं वाटलं होतं. नवं पातळ नेसून बसलती मी. पण बाबाजी, माहे चुलतसासरे, सकाळीच कारंज्याले गेलते, अंधार पडल्यावर आले." अन् कपबश्या उचलून ती आत गेली.

तेवढ्यात बबनराव आले, टोपी सारखी करत. "काय बाई, कशी ठेवली आमी तुमच्या मैत्रिणीले? बाहेरचं माणूस हाय, जपा लागते. नाई तं टिकत नाई."

मी म्हणलं, "अन् मोहिनी?"

"ते काय," म्हातारा म्हणे, "ते तं घरचीच पोरगी हाय."

ज्याले मी देवमाणूस म्हणून कारंजाभर मिरवलं, तोच! रीत सगळी मालूम, अन् तीच रीत घेऊन दुसऱ्याच्या अंगणात दिवसभर बसला. घरी एक पोरगी पातळ नेसून वाट पाहून राह्यलती. तो भूपेंद्र तं अडाणी होता लेकाचा. ह्याले काय म्हणू?

कोकिळा कोट काढून, लुगडं बदलून आली. मोहिनीनं तिच्या हातात नातीसाठी करंज्यांचा डबा दिला. कोकिळेनं घेतला, पिशवीत टाकला. मोहिनीकडं पाह्यलं नाई तिनं. फाट्यावर यष्टीची वाट पाहत उभ्या होतो तवा मले राहवलं नाई.

"कोकिळे, तुले दिसते नं सगळं?"

"दिसते."

"मंग बोल ना व बबनरावाले. तुहं ऐकतेत ते. एक दिवस तू तिच्या भाकरी थाप, तिले सुटी भेटीन. तुले तं मालूम हाय, कसं असते ते."

ट्रकामागून ट्रक जाऊन राह्यलते. तिनं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली अन् म्हणे, "ते त्याईच्या घरातलं हाय, सुमित्राबाई. मी काऊन पडू मधात? मी बाहेरची."

यष्टी आली. ती घाईघाईनं आधी चढली अन् माह्यासाठी खिडकीपाशी जागा धरून बसली.